तीन ठिपके

धम्मदीप केरबा गायसमुद्रे हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. ज्यांना तो माणूस रोज भेटायचा त्यांनीही ते कधी पूर्ण ऐकलं नव्हतं. कॉम्प्युटर क्लासमध्ये ते डीजी सर होते, भाईंदरच्या भांडी बाजारात मशीनवाला, आणि नवघरच्या त्यांच्या चाळीत केरबाचा पोरगा. तिन्ही हाकांना ते सारखीच ओ द्यायचे. मला याचा राग यायचा. अजून येतो. फरक इतकाच की आता त्यातला बराचसा राग माझ्याकडेच वळतो, आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाही म्हणून हे लिहायला बसले आहे.

केरबा उदगीरकडचे. ऐंशीच्या आसपास बायको शेवंती आणि मुलाला घेऊन भाईंदरला आले आणि स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात बफिंगला लागले. बफिंग म्हणजे फिरत्या कापडी चाकावर भांडं दाबून धरायचं, त्यात तोंड दिसेपर्यंत. भांडं चकाकतं आणि धरणारा काळा होतो. संध्याकाळी केरबाकाका घरी यायचे तेव्हा ओळखू यायचे ते फक्त डोळे, बाकी सगळी पूड. शेवंतीकाकू त्याच गाळ्यात पेले कागदात गुंडाळायला जायच्या. मुलगा शिकला, बीएस्सी झाला, आणि शिकता शिकता संध्याकाळी बाजारातल्या एका दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालू लागला.

आपल्याकडे भांडं घेतलं आणि नाव न घालता घरी नेलं असं सहसा होत नाही. चाळीत बारसं असलं की दहा घरची भांडी एकत्र होतात आणि नाव बघूनच आपापल्या घरी परततात. आणि भेटीचं भांडं असेल तर त्यावर देणाऱ्याचं नाव हवंच, नाहीतर कुणी काय दिलं हे पुढची चाळीस वर्षं सुनावणार कसं? सरांनी हे काम सहा वर्षं केलं. हातात विजेची लहानशी मशीन, तिची सुई थरथरत ठिपक्याठिपक्याने अक्षर उठवत जायची. त्या बाजारात एक पद्धत होती. नाव घालणाऱ्याने स्वतःचं नाव कुठेही घालायचं नाही, पण शेवटी आपली एक खूण सोडायची, म्हणजे अक्षर चुकलं तर ते कुणाच्या हातचं हे दुकानदाराला कळावं. कुणी फुली सोडायचा, कुणी छोटं पान. सरांची खूण होती तीन ठिपके, त्रिकोणात. चुकीचं नाव पडलंच तर भांडं दुकानाच्या मागे बफिंगच्या चाकावर जायचं आणि मिनिटभरात कोरं होऊन परत यायचं. नाव घालायचं मुलाने आणि पुसायचं बापाने, असं आमच्याकडे आहे, असं सर एकदा हसत म्हणाले होते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पंच्याण्णव साली. मी संचिता, संगमेश्वरकडच्या घवाळींची. वडील काशीमीऱ्याला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होते, मी बीकॉम होऊन घरात बसले होते, आणि तेव्हा ज्याला त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. नवघर रोडवर पहिल्या मजल्यावर क्लास होता. सहा मशीन, एक एसी, आणि दारात चपलांचा ढीग, कारण धुळीने कॉम्प्युटर बिघडतो अशी मालकांची श्रद्धा होती. मालकांना सगळे दाजी म्हणायचे, कारण बाहेर टेबलावर त्यांचा मेहुणा बसायचा आणि तो तसं म्हणायचा. दाजींना स्वतःला कॉम्प्युटर सुरू करता यायचा आणि बंद करता यायचा. बाकी सगळं सर.

सरांना डीजी केलं तेही दाजींनीच. आडनाव लांब आहे, पाटीवर मावत नाही, असं कारण दिलं. त्याच पाटीवर दाजींचं स्वतःचं नाव वडिलांच्या नावासकट तीन ओळींत होतं. नवघरात गावठाणातली जुनी घरं होती, कोकणातली होती, गुजराती होती, आणि कोणत्या आडनावाला कोण नाक मुरडेल याचा दाजींचा अभ्यास पक्का होता. सरांनाही कारण कळलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि खडू हातात घेतला.

शिकवायचे मात्र असे की ऐकत राहावं. सी प्लस प्लस नावाची भाषा शिकवायला त्यांनी एके दिवशी पिशवीतून पाच स्टीलचे पेले काढून टेबलावर मांडले. पाचही एकाच साच्यातून निघालेले, हुबेहूब. साचा म्हणजे क्लास, म्हणाले, आणि त्यातून निघालेला एकेक पेला म्हणजे ऑब्जेक्ट. आता पाणी ओतण्याची कृती प्रत्येक पेल्यासाठी वेगळी लिहायची का? नाही, ती सगळ्यांसाठी एकदाच लिहिलेली असते. मग ती कृती चालते तेव्हा तिला कसं कळतं की आत्ता आपण कुठल्या पेल्याचं काम करतोय? सरांनी एक पेला उचलला. ज्या पेल्यावर ती कृती चालवली, त्याचा पत्ता तिच्या हातात गुपचूप ठेवला जातो. आपण लिहीत नाही, आपल्याला दिसत नाही, पण तो असतो. त्या पत्त्याला त्या भाषेत ‘धिस’ म्हणतात. पेल्याने स्वतःकडे बोट दाखवून ‘हा मी’ म्हणावं तसं.

मला वाटलं, कळलं. मग मी माझा पहिला प्रोग्राम लिहिला. त्यात इमारत नावाचा साचा होता आणि इमारत तयार होताना तिला तिचं नाव द्यायचं होतं. बाहेरून येणाऱ्या नावालाही मी ‘नाव’ म्हटलं, इमारतीच्या आतल्या रकान्यालाही ‘नाव’, आणि लिहिलं की नाव बरोबर नाव. प्रोग्राम तक्रार न करता चालला. इमारतीचं नाव विचारलं तर निळ्या पडद्यावर हसरे चेहरे, पत्त्यांतले बदाम आणि कसली कसली चिन्हं उमटली. दोन तास मी डोकं आपटलं. सर मागे येऊन उभे राहिले.

“दोघांचं नाव एकच ठेवलंयस,” ते म्हणाले. “मशीनला वाटतं, दोन्ही वेळा तू बाहेरचंच म्हणतेयस. बाहेरचं बाहेरच्यातच ओतलं, आतला पेला तसाच राहिला. एरवी धिस लिहायची गरज नसते, न लिहिता चालून जातं. पण असं नाव एक झालं की लिहावंच लागतं, हे माझं म्हणून. नाहीतर बाहेरचं जिंकतं.”

मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ती वही अजून आहे.

हा माणूस स्वतः मात्र ‘मी’ म्हणायचा नाही. शाळेतल्या मुलींना जसं बोलण्यात सारखं ‘आणि’ येतं तसं यांच्या बोलण्यात ‘आपल्याकडे’ यायचं. आपल्याकडे करून ठेवलंय. झालंय बघ ते. बसवलंय तिथे. कुणी बसवलं, हे त्या वाक्यातून शोधायला पोलीस लावावे लागले असते. मी एकदा चिडून विचारलं की सर, हे तुम्ही केलं असं सरळ का नाही सांगत? तर म्हणाले, काम बघितलं की कळतं ना कुणाचा हात आहे ते. भांडी बाजारात कळत असेल, कारण तिथे तीन ठिपके ओळखणारा दुकानदार होता. बाहेरच्या जगात ठिपके कोण बघतं हे त्यांना कधी सुचलंच नाही.

शहाण्णव साली त्यांनी टँकरचा प्रोग्राम लिहिला. तेव्हा मीरा रोडला इमारती भराभर उठत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. हाटकेशच्या बारा सोसायट्या मिळून टँकर मागवायच्या आणि आज कुणाची पाळी यावरून बायका बादल्या घेऊन एकमेकींच्या अंगावर जायच्या. सरांनी प्रत्येक इमारतीचा एक ऑब्जेक्ट केला. तिची टाकी केवढी, माणसं किती, शेवटचा टँकर कधी आला, हे सगळं ती इमारत स्वतःजवळ ठेवायची आणि विचारलं की स्वतःबद्दल सांगायची. दर रविवारी क्लासमधून आठवड्याच्या पाळ्यांचा कागद छापून जायचा. दोन महिन्यांत भांडणं थांबली. सोसायटीवाले हार घेऊन क्लासमध्ये आले आणि त्यांनी तो दाजींच्या गळ्यात घातला. सर तेव्हा आत प्रिंटरमध्ये कागद लावत होते.

प्रोग्रामच्या प्रत्येक फाईलच्या वर क्लासचं आणि दाजींचं नाव छापायचं, असा दाजींचा नियम होता. सरांनी त्यासाठी एक छोटा प्रोग्रामच लिहून दिला होता, एका दमात सगळ्या फाईलींवर मालकाचा शिक्का मारणारा. फाईलच्या अगदी खाली मात्र, शेवटच्या ओळीनंतर, ते जुन्या सवयीने तीन ठिपके टंकायचे. कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही, तिचा उपयोग शून्य. आम्हा मुलांना ते ठाऊक होतं. परीक्षेचा प्रोजेक्ट म्हणून आम्ही सगळ्यांनी तो टँकरचा प्रोग्राम दिला होता, वरचं दाजींचं नाव काढून आपापलं टाकून. सर स्वतःच सांगायचे, घ्या, शिकायला चांगला आहे. निदान वीस पोरांच्या नावावर तो प्रोग्राम फिरत होता. खालचे ठिपके कुणी काढले नाहीत, कारण खाली कुणी जात नव्हतं.

मग सत्त्याण्णवच्या जानेवारीत अंधेरीच्या एका कंपनीची जाहिरात आली. सी प्लस प्लस येणारी माणसं हवीत, वय तीसच्या आत, स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम सोबत आणावा. सरांना मेमध्ये तीस पुरी होणार होती. म्हणजे ही एकच खेप. केरबाकाका तोवर घरी बसले होते. पंधरा वर्षांची पूड छातीत बसली होती, दोन वाक्यं बोलली की खोकत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या हवेतून बाहेर काढा. त्यांची खोली गाळ्यांना लागूनच होती, खिडकी बंद केली तरी पूड आत यायचीच. सरांना ती नोकरी कशासाठी हवी होती हे मला स्वच्छ माहीत होतं. वडिलांना तिथून हलवायचं होतं, दुसरं काही नाही. मी त्या खोलीत बसून चहा प्यायलेली होते. शेवंतीकाकूंनी माझ्या कपावर बशी झाकून दिली होती, पूड पडू नये म्हणून.

मीही अर्ज केला होता. सरांनीच करायला लावला. तुला येतं सगळं, घाबरतेस कशाला, म्हणाले. त्यांनी महिनाभर माझी तयारी करून घेतली, रोज बॅच सुटल्यावर तास तासभर. प्रोग्राम कुठला न्यायचा हा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, टँकरचा नेऊ का? त्यातला पाळ्यांचा कागद छापायचा तुकडा मी लिहिला होता. छापण्याचा तुकडा, प्रोग्रामच्या दहाव्या हिश्शाएवढा. सर म्हणाले, ने की. ते स्वतः काय नेणार हे मी विचारलं नाही. दुसरं काय असणार होतं त्यांच्याकडे?

मुलाखतीच्या आदल्या दुपारी मी क्लासमध्ये बसून फ्लॉपी तयार केली. वरचं दाजींचं नाव काढलं, माझं टाकलं. एवढं सगळेच करायचे. मग मी प्रत्येक फाईलच्या खाली गेले आणि तीन ठिपके पुसले. अकरा फाईली होत्या. अकरा वेळा खाली गेले आणि अकरा वेळा पुसले. चुकून झालं, घाईत झालं, असं मला म्हणता येत नाही. सर तेव्हा शेजारच्या मशीनवर दुसऱ्या कुणाची चूक शोधून देत होते.

यादीत सरांचा नंबर माझ्या आधी होता. बाहेर बाकावर बसलो होतो, मी फ्लॉपी सारखी पिशवीतून काढून बघत होते. सरांनी ते पाहिलं आणि नावं पुकारणाऱ्या मुलीला जाऊन सांगितलं की हिला आधी सोडा. मला म्हणाले, “तू जा पुढे. बसून बसून आणखी घाबरशील.”

मी आत गेले. मुलाखत घेणारे साहेब पुढे माझेच मॅनेजर झाले, माणूस सरळ होता. त्यांनी फ्लॉपी घातली, फाईली उघडून वाचल्या, बराच वेळ वाचल्या, आणि विचारलं की हा तुम्ही लिहिलाय का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, सगळा? तिथे मला एक क्षण मिळाला होता. छापण्याचा भाग माझा, बाकी आमच्या सरांचा, बाहेरच बसलेत, एवढं एक वाक्य. मी पुन्हा हो म्हटलं. मग त्यांनी धिसबद्दल विचारलं, आणि माझ्या तोंडून पेले बाहेर पडले. पाच पेले, एक साचा, पाणी कुणात ओतायचं, गुपचूप हातात ठेवलेला पत्ता. बाहेरचं जिंकतं, हे वाक्यसुद्धा मी म्हटलं. साहेब खूश झाले. इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं, म्हणाले.

मी बाहेर आले, सर आत गेले. दहा मिनिटांत परत आले. खाली टपरीवर आम्ही चहा घेतला. सरांनी कप संपवला, मग विचारलं, “पेल्यांचं सांगितलंस?”

मी म्हटलं, “हो.”

“चांगलं केलंस,” ते म्हणाले. “समजलंय तुला ते.”

आत काय झालं ते मला चार महिन्यांनी साहेबांकडूनच कळलं, कँटीनमध्ये, हसत हसत. ते सांगत होते, तुझ्या क्लासचा एक मास्तर आला होता त्या दिवशी, तुझ्यामागून. तुझाच प्रोग्राम घेऊन, वर क्लासच्या मालकाचं नाव तसंच. सरांनी दाजींचं नाव काढलंच नव्हतं. क्लासमध्ये लिहिलेला प्रोग्राम, मग नियम तो नियम. साहेबांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? सर म्हणाले, आपल्याकडेच लिहिलंय. धिसबद्दल विचारलं तर त्यांनीही पेले मांडले. साहेब म्हणाले, हे आजच दुसऱ्यांदा ऐकतोय, त्या मुलीकडून घेतलंत का? आणि त्या माणसाने उत्तर दिलं, आमच्याकडे सगळे असंच सांगतात. साहेबांना ते फार विनोदी वाटलं. विद्यार्थिनीचं चोरणारा मास्तर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. टेबलावरचे सगळे हसले. मीही थोडी हसले. नोकरी लागून चारच महिने झाले होते.

सर का गप्प राहिले हे मी खूप वेळा स्वतःला विचारलं आहे. मला वाचवायला, असं म्हटलं की मला रडू येतं आणि बरंही वाटतं, म्हणून मी ते म्हणत नाही. मला वाटतं, त्यांना ते जमलंच नसतं. पहिल्या दिवसापासून दाजींनी, बाजाराने, चाळीने त्यांना तीन वेगळी नावं दिली आणि ते प्रत्येकात बसत गेले. माझ्या वहीत ज्याच्या खाली दोन रेघा आहेत तो नियम त्या माणसाने स्वतःला कधी लावला नाही. याचाच मला राग येतो. अरे, एकदा तरी बोलायचं होतं. तुम्ही बोलला असतात तर मी उघडी पडले असते, आणि आज सुटले असते.

नोकरी लागल्यावर मी पेढे घेऊन क्लासमध्ये गेले. सरांनी ते वर्गात स्वतःच्या हाताने वाटले, आपल्या क्लासची मुलगी म्हणून. दाजींनी जिन्यात माझा फोटो लावला. पुढच्या बॅचला दुप्पट मुलं आली आणि ती सगळी सरांनी शिकवली. मे महिना आला आणि गेला. मी कंपनीत साहेबांना खरं सांगणार होते, खरंच. आधी म्हटलं प्रोबेशन संपू दे. मग म्हटलं, आता तीस उलटली, आता सांगून त्यांना काय उपयोग? मनाला पटेल असं कारण प्रत्येक वेळी मिळत गेलं.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत हाटकेशच्या एका हॉलमध्ये माझं लग्न झालं, उत्तम पडवळशी. सर आणि शेवंतीकाकू आले होते. केरबाकाका येऊ शकले नाहीत, अंथरुणाला खिळले होते. सरांनी एक मोठा स्टीलचा डबा दिला, झाकणाचा, जाड पत्र्याचा. जेवून लवकर निघाले. दुसऱ्या दिवशी सासरी आहेर उघडले तेव्हा तो डबा सासूबाईंच्या हातात आला आणि त्यांनी त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. धम्मदीप केरबा गायसमुद्रे यांजकडून सप्रेम भेट, खाली तारीख, आणि शेवटी तीन ठिपके. त्यांचं पूर्ण नाव लिहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी ते स्वतःच्या हाताने घातलं होतं, सावकाश, एकही अक्षर वाकडं नव्हतं.

“हे गायसमुद्रे कोण?” सासूबाईंनी विचारलं. मग धम्मदीप हे नाव त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, आता हळू, आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

मी म्हटलं, “क्लासमध्ये होते कुणीतरी.”

सासूबाईंनी डबा बाजूला ठेवला. बाकीची भांडी स्वयंपाकघरात गेली, हा माळ्यावर गेला. उत्तम तिथेच होता, त्याने पुढचा आहेर उघडला. त्याला तरी मी काय म्हणून दोष देऊ?

केरबाकाका त्याच वर्षी पावसाळ्यात गेले, त्याच खोलीत. मला दोन महिन्यांनी कळलं. जायला हवं होतं, गेले नाही. शेवंतीकाकूंच्या समोर बसायला तोंड नव्हतं. नव्व्याण्णवला भाईंदर स्टेशनजवळ एका मोठ्या कंपनीच्या नावाचा एसी क्लास उघडला, तिथे शिकवणारे टाय घालायचे. दाजींनी वाऱ्याची दिशा ओळखून जागा भाड्याने दिली आणि जिन्यातला माझा फोटो घरी नेला म्हणे. सर परत भांडी बाजारात बसतात असं जुन्या बॅचच्या एका मुलीने सांगितलं. मी म्हटलं, जाऊन भेटायला हवं. मी तेव्हा दोन हजार सालाच्या भीतीने सगळ्या जगाच्या जुन्या प्रोग्राममधल्या तारखा बदलत बसले होते. प्रत्येक फाईल उघडली की मी आधी खाली जायचे, शेवटच्या ओळीपर्यंत. तिथे कधीच काही नसायचं.

त्या दिवाळीला सासूबाईंना फराळासाठी मोठा डबा कमी पडला आणि त्यांना माळ्यावरचा आठवला. मी ऑफिसला गेले होते. संध्याकाळी आले तर ओट्यावर डबा, नव्यासारखा चकाकत होता. त्यावर नाव होतं, उत्तम पडवळ, मीरा रोड. सासूबाई स्वतःवर खूश होत्या. बाजारात जाऊन जुनं नाव पुसून आणलं, नवीन घालून आणलं, आता कुणाला कळणारही नाही.

मी डबा फिरवून नावाचा शेवट बघितला. तीन ठिपके, त्रिकोणात.

“कोण होतं दुकानावर?” मी विचारलं.

“होता एक चष्मेवाला. सभ्य वाटला,” सासूबाई म्हणाल्या. “जुनं नाव त्यानेच मागे चाकावर धरून काढलं. एकदा विचारलं मात्र त्याने, खरंच काढायचं का म्हणून. मी म्हटलं, काढ बाबा, आमच्यातलं कुणी नाही ते.”

“मग?”

“मग काय, काढलं. आणि नवीन नाव सांगायला गेले तर म्हणाला, राहू द्या, पडवळ ना, माहितीये. बाजारातल्या लोकांना सगळं माहिती असतं गं.”

मी ठिपक्यांवरून बोट फिरवलं, ते अजून खरखरीत होते. सासूबाई म्हणाल्या, उभी काय राहिलीस, चकल्या निवल्यात, भर त्यात. मी हात धुतले आणि चकल्या भरल्या.